धगवड्याची कोंडाई आणि न उघडलेली भट्टी

गावदेवी झोळाईची आण घेऊन सांगतो, या गोष्टीतलं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी ती थेट माझ्या पणजीच्या तोंडून ऐकली. आता पणजी माझ्या जन्माआधीच गेली. पण तिच्या तोंडून माझ्या आजोबांनी ऐकली आणि आजोबांकडून मी, आणि आजोबा कानानं जरा अधू होते. आण मात्र मी खरी घेतली आहे. बरं, अक्षर न् अक्षर हे मी बोलण्याच्या भरात म्हटलं. यात एक जागा अशी आहे जी मी माझ्या पदरची घातली. कोणती, ते शेवटी सांगेन. तोवर ओळखायला जाऊ नका. ओळखणारे बहुतेक चुकतात आणि भलत्या जागी हसतात.

आमच्या धगवड्याबद्दल लोकांच्या डोक्यात फार गैरसमज आहेत. घाट चढून एसटी माळावर थांबली की पाहुण्याला आधी दिसतो तो लाल ओढा. पाहुणा लगेच विचारतो, "इथं मोठी कत्तल झाली असेल नाही?" ओढा लाल आहे तो जांभ्या दगडामुळे. दसऱ्याच्या सुमाराला तो थोडा जास्त लाल होतो, त्याचं कारण मला विचारू नका. मग पाहुण्याला माळभर विखुरलेले काळे, काचेसारखे चकाकणारे खडे दिसतात. हे राक्षसाचे दात, असं खालच्या गावची माणसं पोरांना सांगतात. दात कसले, ते कीट आहे. दगड तापवून लोखंड काढताना जो मळ वितळून वाहतो आणि थिजतो, त्याला कीट म्हणायचं. एके काळी या माळावर भट्ट्या इतक्या होत्या, की वरून उडणारे बगळे या टोकाला पांढरे शिरत आणि त्या टोकाला कावळे होऊन निघत, असं म्हणतात.

आणखी एक गैरसमज असा, की आम्ही धगवडेकर आळशी. आमचा गवंडी भिंतीत एक दगड कमी लावतो. आमची बाई गोधडीचा शेवटचा टाका सोडून देते. आमच्या माणसाला विचारा, "जेवण आटपलं का?" तो म्हणेल, "वाईच राहिलंय," आणि हात धुवायला उठेल. खालच्या गावात म्हण आहे, की धगवडेकराला यमानं नेलं तरी तो अर्ध्या वाटेवरून परत येईल. आम्ही हसतो आणि म्हणू देतो. आळस म्हटलेला बरा. खरं कारण सांगायला बसलं तर हसू येत नाही.

आणि सगळ्यात मोठा गैरसमज तर रंगवून पत्र्याच्या पाटीवर लावला आहे. माळाच्या टोकाला मातीची एक भट्टी उभी आहे, पुरुषभर उंच, तोंड लिंपून बंद केलेलं. तिच्याशेजारी ती पाटी. पाटीवर लिहिलं आहे, की याच ठिकाणी कोंडाई नावाच्या स्त्रीनं गावासाठी आगीत उडी घेतली. लोक पाटी वाचून हात जोडतात, बायका डोळे पुसतात, कोणी नारळ फोडतं. कोंडाईनं उडी घेतली नाही. घेतली असती तर गोष्ट सोपी होती, आणि आमच्या पूर्वजांना झोपही बरी लागली असती.

फार वर्षांपूर्वी, समोरच्या निसणगडावर निशाण होतं आणि निशाणाखाली माणसं होती, तेव्हाची ही हकिकत. धगवडं तेव्हा लोखंडाचं गाव होतं. घरटी एक भट्टी. पुरुषांनी रानात कोळसा पाडायचा, दगड फोडायचा, घण मारायचा; आणि बायकांनी भाता ओढायचा. भाता म्हणजे लाकडी दांड्यांना बांधलेल्या बकऱ्याच्या कातड्याच्या दोन पिशव्या. एक दाबायची, एक उचलायची, एक दाबायची, एक उचलायची, आणि त्यांचा वारा मातीच्या नळीतून भट्टीच्या पोटात सोडायचा. वारा थांबला की आग बसते. आग बसली की आतलं सगळं दगडाचं दगड.

गावात रीत होती. भट्टी पेटली की ती गरोदर बाई. तिच्यासमोर भांडायचं नाही, तिच्या तोंडापुढून आडवं जायचं नाही. तिच्या पोटात लोखंडाचा जो गोळा जमत जाई त्याला तान्हं म्हणायचे. आणि भात्यावर बसलेली बाई ही तिची सुईण. गावचा म्होरक्या तिला विचारायचा, आणि दिवस भरले की ती सुईण एक शब्द उच्चारायची, "झालं." मगच पहारीनं भट्टीचं तोंड फोडून तान्हं बाहेर ओढायचं आणि घणाखाली घालायचं. तो शब्द पुरुषानं म्हणायचा नाही, दुसऱ्या बाईनं म्हणायचा नाही. किल्लेदार दारात उभा असला तरी नाही. देव उभा असला तरी नाही.

आणखी एक रीत होती. भात्यावरच्या बाईला जागा सोडता येत नाही आणि हातही सोडता येत नाहीत. म्हणून गावातल्या बायकांनी पाळीपाळीनं घागर घेऊन जायचं आणि तिच्या तोंडाशी पाणी धरायचं. वैर असलं तरी धरायचं. सवतीनं सवतीला पाजलेलं आहे.

कोंडाई ही या गावची थोरली भातेकरीण; मोठं काम आलं की भाता तिचा. विधवा बाई, हाडापेरानं रुंद, बोलायला थोडकी. नवरा कोळसा पाडायला रानात गेला तो वाघानं परत पाठवला नाही. एकच लेक, हैबती. कोंडाईच्या भात्याचा वारा एवढा, की ती जोरात बसली म्हणजे शेजारच्या खोऱ्यातला आंब्याचा मोहोर गळायचा आणि तिथली माणसं तिच्या नावानं बोटं मोडायची. ती बसली, की मधली दरी ओलांडून निसणगडावरचं निशाण फडफडायचं. झाडाचं पान हलत नसलं तरी निशाण हलायचं, असं म्हणतात. गडावरचे शिपाई म्हणत, "म्हातारी लागली कामाला."

एका वर्षी गडावरून नाईक आला. मुलखावर परकी फौज चालून येणार अशी आवई होती, आणि गडाच्या दरवाज्यामागं घालायला साखळी हवी होती. अशी साखळी, की हत्तीनं धडक दिली तरी दार हलू नये. पावसाळा सरेपर्यंत ती गडावर पोचायची. आणि गाव पळून जाऊ नये म्हणून कोणाचा तरी एक पोरगा गडावर ओलीस राहायचा. नाईकानं कोंडाईचा हैबती निवडला. भातेकरीण कामाला राहिली तर गाव राहील, एवढं त्याला कळत होतं.

"साकळी वर चढली की पोरगं खाली," नाईक म्हणाला. "पोराला काय आम्ही खानार न्हाय."

"त्याला उन्हाळी लागती," कोंडाई म्हणाली. "वाईच ताक देत जावा."

हैबती हसला. "आये, गडावर ताक मागायला चाललोय व्हय मी? आन् तू घोर करू नगंस. निशान हाललं की मला कळंल, म्हातारी भात्यावर हाय म्हनून. तिथं जाऊनबी तुझ्यापासनं सुटका न्हाय माझी."

नाईकसुद्धा हसला. मग ते दोघं गडाच्या वाटेला लागले. कोंडाई भात्यावर बसली. ते गडाच्या पायऱ्या चढत होते तेव्हा वर निशाण फडफडायला लागलं, आणि दिवस मावळेपर्यंत थांबलं नाही.

सगळा पावसाळा गावानं साखळी घडवली. एका भट्टीतून एक तान्हं, एका तान्ह्यातून एक कडी. प्रत्येक कडी बैलाच्या मानेएवढी जाड. कोंडाईनं प्रत्येक भट्टीला पुरते दिवस दिले. "कोंडे, झालं का?" म्होरक्या मालजी विचारायचा, आणि ती म्हणायची, "अजून न्हाय." तो परत विचारायचा. "अजून न्हाय." लोकांचे घण हातातल्या हातात जड व्हायचे, पण तिचा शब्द निघेपर्यंत पहारीला कोणी शिवायचं नाही. म्हणून त्या कड्या अशा निघाल्या, की दोन कड्या एकमेकींवर आपटल्या तर खालच्या गावात देवळातली घंटा वाजायची.

पाऊस सरला. शेवटची कडी तेवढी राहिली, आणि खोऱ्यातून धूर दिसायला लागला. तो आमच्या भट्ट्यांचा धूर नव्हता. फौज गावं जाळत वर येत होती.

नाईक माणसं घेऊन आला आणि भट्टीशेजारी उभा राहिला. "आज सांजच्याला दरवाजा लागनार," तो म्हणाला. "साकळी आली तर पोरगं भाईर. न्हाय आली तर पोरगं आत."

कोंडाई भात्याला अशी भिडली, की नाईकाचं पागोटं उडून करवंदीच्या जाळीत अडकलं. काढायला कोणी गेलं नाही. सगळा गाव भट्टीभोवती उभा होता. उन्हं कलली. समोर गडावर माणसं दरवाज्याशी गोळा होताना दिसत होती, मुंग्यांसारखी.

आता एक सांगतो. पुऱ्या दिवसांची भट्टी पांढरी जळते. जिचे दिवस भरले नाहीत ती लाल जळते. हे समजायला सुईण लागत नाही. धगवड्यातलं रांगतं पोर हे ओळखायचं. त्या सांजेला भट्टीची ज्योत लाल होती, जास्वंदीसारखी लाल, आणि तिच्याभोवती उभा असलेला प्रत्येक माणूस ती बघत होता.

पाण्याची पाळी त्या दिवशी म्हाळूची होती. म्हाळू ही कोंडाईची धाकटी जाऊ. तिनं घागर वाकवून कोंडाईच्या तोंडाशी धरली आणि कानाशी म्हणाली, "आक्का, अजून लाल हाय गं."

कोंडाई पाणी प्यायली. तिनं तोंड पुसलं नाही. तिनं एकदा ज्योतीकडं बघितलं आणि एकदा गडाकडं.

मालजीनं विचारलं, "कोंडे, झालं का?"

"झालं," कोंडाई म्हणाली.

भाते थांबले. समोर गडावरचं निशाण ओल्या फडक्यासारखं खाली पडलं.

एकदा विचारायची रीत होती. दुसऱ्यांदा विचारायला कोणाची बंदी नव्हती. सारा पावसाळा मालजीनं पुन्हा पुन्हा विचारलं होतं. त्या सांजेला त्यानं विचारलं नाही. दुसऱ्याही कोणी विचारलं नाही. नाईक बाजूला उभा होता, खोऱ्यातला धूर जवळ येत होता, ज्याला त्याला आपल्या घरी जायची घाई होती, आणि शब्द तर मिळालेला होता. मालजीनं पहार उचलली. तान्हं बाहेर आलं, घणाखाली गेलं, कडी वळली, साखळी पुरी होऊन गडाच्या वाटेला लागली.

कोंडाई माळाच्या कडेला जाऊन उभी राहिली. साखळी पायऱ्या चढताना तिला दिसली. साखळी आत जाताना दिसली. मग दरवाजा लागला. पायऱ्यांवरून कोणी खाली आलं नाही.

नाईकाचा निरोप एका गुराख्याकडून आला. दारामागं साखळी सांभाळायला लोखंड कळणाऱ्या गावचाच हात लागतो, वेढा उठला की पोराला धाडतो. नाईक काही फार वाईट माणूस नव्हता, असं म्हणतात. त्याला दार राखायचं होतं.

वेढा पडला. धगवड्याची माणसं रानात जाऊन लपली; कोंडाई गेली नाही. ती भट्टीत चिमूटभर कोळसा टाकून भात्यावर बसायची. गडावर निशाण फडफडायचं, आणि तटावरून कोणीतरी फडकं हलवायचं. एवढ्या लांबून ते कोण, हे कोणाला दिसणार? तिला दिसायचं.

मग एका दुपारी फौजेनं दरवाज्याला हत्ती लावला. पहिली धडक साखळीनं सोसली. दुसरीही सोसली. गडाचे दगड हलले, पण साखळी हलली नाही. तिसऱ्या धडकेला एक कडी फुटली. कोणती, ते तुम्ही ओळखलंच असेल.

साखळीशी हैबती उभा होता. साखळी फुटली तशी त्यानं तिची दोन्ही टोकं दोन हातांनी धरली आणि दाराला पाठ लावली. चौथी धडक बसली, दार हललं नाही. पाचवी बसली, दार हललं नाही. एवढ्यात आतल्या बायकापोरी चोरदिंडीनं उतरून रानात पांगल्या, असं म्हणतात. फुटल्या कडीच्या जागी आता त्याचे हात होते, आणि ते सुटले नाहीत. शेवटी हत्तीनं दारच मुळासकट आत घातलं. दाराखाली तो सापडला तेव्हा टोकं त्याच्या मुठीत होती, आणि मुठी कोणाला उघडता आल्या नाहीत.

फौज गड लुटून, तट पाडून गेली. माणसं रानातून गावात परतली. तेव्हा गडावरचा एक शिपाई लंगडत माळावर आला. त्याच्या खांद्यावर फुटकी कडी होती. ती त्यानं गावासमोर टाकली.

"तुमच्या गावची हाय," तो म्हणाला. "घ्या माघारी." आणि मग दरवाज्यात काय घडलं ते त्यानं उभ्याउभ्या सांगितलं. सांगताना तो कोंडाईकडं बघत नव्हता. ती त्याची आई, हे त्याला माहीत नव्हतं.

कोंडाईनं कडी उचलली. फुटल्या जागी बोट फिरवलं. आत कीट होतं, काळं, करपल्या भाकरीसारखं भुसभुशीत. अपुऱ्या दिवसांचं तान्हं. तिनं ते कोणाला दाखवलं नाही, पण सगळ्यांना दिसलं.

मालजी म्हणाला, "शबुद तुझा व्हता, कोंडे."

"व्हय," ती म्हणाली. "माझाच व्हता."

ती म्हणू शकली असती, की मालजी, तुझे डोळे कुठं होते. ती गावाला म्हणू शकली असती, की ज्योत लाल होती आणि तुम्ही सगळे उभे होतात. तिनं तसं म्हटलं असतं तर गावानं चार शिव्या दिल्या असत्या, तिनं चार दिल्या असत्या, आणि कदाचित सगळी एकत्र बसून रडली असती. ती तसं बोलली नाही. तिनं सगळं एकटीनं घेतलं, आणि गावानं सगळं तिला घेऊ दिलं.

त्या दिवसापासून धगवड्याचं लोखंड कोणी घेईना. फाळ घेईनात, विळा घेईनात, सुई घेईनात. बाजारात धगवडेकर दिसला की लोक पोरांना मागं ओढायचे. भट्ट्या एकेक करून थंड पडल्या. आणि त्या थंड गावात एकच आवाज चालू राहिला. कोंडाईनं आपल्या भट्टीचं फोडलेलं तोंड ओल्या मातीनं लिंपून बंद केलं आणि ती भात्यावर बसली. आत दगड नव्हता, कोळसा नव्हता, ठिणगी नव्हती. एक दाबायची, एक उचलायची, एक दाबायची, एक उचलायची.

"आक्का," म्हाळूनं लांबूनच विचारलं, "रिकाम्या भट्टीला वारा कशापायी?"

"अपुऱ्या दिसांचं काढलं मी," कोंडाई म्हणाली. "आता दिस भरू दे."

तिला पाणी द्यायची पाळी कोणी धरली नाही. पाळी मोडली असं कोणी तोंडानं म्हटलंही नाही. ज्या बाईची पाळी असायची तिची घागर त्या दिवशी गळकी निघायची, किंवा तिचं पोर आजारी पडायचं. सवतीनं सवतीला पाजलेल्या त्या गावात कोंडाई दंवावर जगत होती, असं म्हणतात. पहाटे भात्याच्या कातड्यावर जमलेलं दंव ती जिभेनं टिपायची.

शेवटी पोटासाठी गाव उठला. पुढच्या वर्षीच्या दसऱ्याचा दिवस होता. लोकांनी घण, पहारी, भांडी, पोरं, कोंबड्या, जे नेता येईल ते डोक्या-खांद्यावर घेतलं आणि खिंडीच्या वाटेला लागले. वाट कोंडाईच्या भट्टीवरूनच जाते; दुसरी वाट नाही. सगळा गाव तिच्या पाठीमागून, माना खाली घालून, पाय न वाजवता गेला. मालजी क्षणभर थांबला. त्यानं पहार या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. तो पुढं निघाला. तिनं मागं वळून बघितलं नाही. खिंडीपर्यंत भात्याचा आवाज लोकांच्या मागं मागं येत राहिला.

खिंडीत म्हाळू थांबली. तिच्या डोक्यावर वाटेसाठी भरून घेतलेली घागर होती. नवरा म्हणाला, "चल." ती म्हणाली, "तुमी व्हा म्होरं," आणि मागं फिरली. ती माळावर आली, भट्टीशी आली, आणि तिनं घागर वाकवून कोंडाईच्या तोंडाशी धरली. कोंडाई प्यायली. बराच वेळ प्यायली. हात भात्यावरच होते.

"लई गोड हाय गं, म्हाळे," ती म्हणाली.

म्हाळूनं मग ते विचारलं, जे त्या सांजेला दुसऱ्यांदा कोणी विचारलं नव्हतं. "आक्का, झालं का?"

"अजून न्हाय," कोंडाई म्हणाली. आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडावर हसण्यासारखं काहीतरी आलं, असं म्हणतात.

म्हाळूनं उरलेलं पाणी तिच्या पायांवर ओतलं, रिकामी घागर काखेला मारली आणि गावामागं गेली.

ज्या लोकांनी गाव सोडलं, त्यांनी नव्या जागी कोंडाईचं काय म्हणून सांगायचं? लोक विचारायचेच. तेव्हा कोणीतरी पहिल्यांदा म्हणालं, की तिनं आगीत उडी घेतली. ते ऐकणाऱ्यांना आवडलं, सांगणाऱ्यांना त्याहून आवडलं. आगीत उडी घेतलेल्या बाईला पाणी कोणी दिलं, हे कोणी विचारत नाही. तीच उडी फिरत फिरत पाटीवर येऊन बसली. पाटी लावणाऱ्यांचा दोष नाही. त्यांना आम्हीच सांगितलं होतं.

त्या लोकांची नातवंडं परत माळावर आली, तेच आमचे पूर्वज. त्यांना कोंडाई दिसली नाही. हाड नाही, लुगड्याची चिंधी नाही. भात्याची कातडी वाऱ्यानं नेली होती. दांडे तेवढे शिल्लक होते, आणि दांड्यांवर बोटांच्या खोबणी पडल्या होत्या, तुमची बोटं घालून बघा, बसतात. पण भट्टीला हात लावला तर ती कोमट होती. आणि बाहेरून टकटक केली तर रिकाम्या मडक्यासारखी वाजत नव्हती. भरली वाजत होती. ना दगड, ना कोळसा, नुसत्या वाऱ्यावर तिच्या पोटात तान्हं धरलं आहे, असं म्हणतात. आणि ते अजून भरतं आहे.

भट्टी कोणी उघडली नाही. मागं शहरातून शिकलेली माणसं आली होती, यंत्रं घेऊन, आत काय आहे ते बघायला. भली माणसं होती, त्यांनी रीतसर विचारलं. आमच्या सारजाकाकू तेव्हा हयात होत्या. त्या म्हणाल्या, "उघडा की. आमचं काय न्हाय. फकस्त तिनं सांगितल्यावर उघडा." माणसं चहा पिऊन परत गेली.

दर दसऱ्याला आम्ही सोनं लुटायच्या आधी भट्टीवर जातो. घरटी एक घागर असते. गळकी घागर त्या दिवशी चालत नाही. आदल्या दिवशी सगळ्यांच्या घागरी चावडीपुढं तपासतात. घागरी भट्टीच्या तोंडाशी रित्या करतात. ते पाणी माळावरून ओढ्यात जातं, म्हणून तेव्हा ओढा जास्त लाल. पावसानं झिजलेलं भट्टीचं तोंड पुन्हा मातीनं लिंपतात. मग गावातली सगळ्यात म्हातारी बाई पुढं होते आणि विचारते, "कोंडाई, झालं का?"

सगळे उभे राहतात. पोरं चळवळ करत नाहीत. कोंबडा आरवला तर त्याला धरतात. उत्तर येत नाही. कधी आलेलं नाही. थोड्या वेळानं समोर पडक्या निसणगडाच्या तटावरचं गवत, वारा नसताना, एका बाजूला झुकतं आणि तसंच राहतं. म्हातारी पदरानं डोळे टिपते आणि म्हणते, "अजून न्हाय." मग आम्ही घरी येतो.

म्हणून आमच्या गावात सुईणीचा तो शब्द कोणत्याच कामाला लावत नाहीत. भिंतीत एक दगड कमी असतो, गोधडीत एक टाका, जेवणात एक घास. आमच्याकडे कहाणी सुफळ संपूर्ण म्हणायची रीत नाही. वाईच राहिली, म्हणतात, आणि उठतात.

तर ती जागा. बगळ्यांचे कावळे होत, ते खरं. निशाण हलायचं, ते खरं. हैबतीनं तुटलेली टोकं धरली, ते खरं. भट्टी भरली वाजते, ते येऊन वाजवून बघा.

खोटी आहे ती म्हाळू. म्हणजे म्हाळू होती, पण ती मागं फिरली नाही. कोणीच फिरलं नाही. कोणी पाणी दिलं नाही आणि कोणी विचारलं नाही. आजोबा गोष्ट सांगताना खिंडीपाशी आले की गप्प बसायचे आणि मग एकदम नातवंडांवर जायचे. मधली तेवढी जागा मी भरली.

म्हाळू माझ्या पणजीची आजी. खिंड उतरताना तिच्या डोक्यावर घागर होती आणि ती काठोकाठ भरलेली होती, एवढं मात्र आजोबा दर वेळी सांगायचे.